मोठ्या नावाचा कोच आणला म्हणजे संघ जिंकतो का? (सोलापूर, आठ लाख आणि एक अट)

पार्क_मैदान

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्यावरून आमच्या क्लबात तीन आठवडे रोज रात्री वाद चालू आहेत, म्हणून इथे मांडतोय.

मी सोलापुरातल्या एका छोट्या क्रिकेट क्लबच्या कार्यकारिणीवर आहे. नाव सांगत नाही. क्लबला बावीस वर्षं झाली. एक सिमेंटची विकेट, एक मॅटिंग, दोन नेट, एवढाच संसार. मुलं पन्नासेक. मुली परवापरवापर्यंत सहा होत्या. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघानं वर्ल्ड कप उचलला आणि त्या आठवड्यापासून आईबाप मुलींना घेऊन गेटवर उभे राहायला लागले. आज एकतीस मुली आहेत.

आता एका चादर कारखानदारांनी क्लबला वर्षाला आठ लाख द्यायची तयारी दाखवली आहे. अट एकच, नाव असलेला कोच आणायचा. पुण्या-मुंबईचा, रणजी गाजवलेला. माणूसही त्यांनीच सुचवलाय, बोलणी झाली आहेत. मानधन साडेसहा लाख, महिन्यातून दहा दिवस येणार. शेटजींचं म्हणणं, नाव आलं की पोरं येतात आणि पोरं आली की निकाल येतो. खरं सांगायचं तर माझंही मत तेच आहे. आपल्यासारख्या गावाकडे निवड समितीचं लक्ष जायचं तर कुणीतरी वजनदार माणूस हवा. पण कार्यकारिणीतले निम्मे लोक विरोधात आहेत.

तुमचे अनुभव सांगा. खेळातलेच हवेत असं नाही. कारखाना, शाळा, बँक, काहीही चालेल. मोठं नाव आणलं आणि फळलं, असं तुम्ही पाहिलंय का?

तिखट_चटणी

महिन्यातून दहा दिवस? म्हणजे कोच पण नळाच्या पाण्यासारखा चार दिवसाआड का बे? धागा चांगलाय, वाचूलालो.

लेगब्रेक

ग्रेग चॅपेल. दोन शब्दांत उत्तर.

बरं, थोडं लिहितो. २००५ मध्ये चॅपेल भारताचा कोच म्हणून आला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आमचा अख्खा कट्टा हरखला होता. ८७ कसोटी, ७११० धावा, २४ शतकं. कोच म्हणून यापेक्षा मोठं नाव कुठून आणणार? सुरुवातही वाईट नव्हती. त्याच काळात आपण पाठलाग करताना सलग १७ एकदिवसीय सामने जिंकलो, हे लोक विसरतात. पण पुढे कर्णधार गांगुलीशी त्याचा वाद झाला, सीनियर खेळाडू आणि कोच यांच्यातला विश्वास उडाला, आणि मार्च २००७ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशनं पाच गडी राखून हरवलं. मग श्रीलंकेनं. वर्ल्ड कपच्या पहिल्याच फेरीतून घरी.

आता त्याच वर्षीचा सप्टेंबर बघा. जोहान्सबर्ग, पहिला ट्वेंटी-२० वर्ल्ड कप. संघाबरोबर मॅनेजर म्हणून कोचचं काम बघत होते लालचंद राजपूत, दोन कसोटी खेळलेले मुंबईकर. कप घेऊन आलो. त्यानंतर २००८ मध्ये गॅरी कर्स्टन आला. खेळाडू म्हणून मोठा, पण आंतरराष्ट्रीय संघाचा कोच म्हणून पाटी कोरी. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे.

साखरपेठ

लेगब्रेक, तुम्ही सोयीची उदाहरणं निवडलीत. मी एकच नाव देतो, चंद्रकांत पंडित.

मुंबईला त्यांनी रणजी जिंकून दिली. मग विदर्भाला गेले. विदर्भानं आयुष्यात कधी रणजी जिंकली नव्हती, ती २०१७-१८ ला जिंकली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. मग मध्य प्रदेश. त्यांनी कधीच जिंकली नव्हती, ती २०२१-२२ ला जिंकली. तीही कुणाविरुद्ध? मुंबईविरुद्ध! बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर. १९९८-९९ ला ह्याच मैदानावर पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार असताना कर्नाटकविरुद्ध फायनल हरले होते. तेवीस वर्षांनी त्याच जागी कोच म्हणून परत आले. मॅच संपल्यावर त्यांना रडताना टीव्हीवर पाहिलं आणि माझ्याही डोळ्यात पाणी आलं.

दोन राज्यांना पहिली रणजी मिळवून देणारा माणूस हा योगायोग नाही. मोठा कोच फरक पाडतो. पैसे आहेत तर आणा.

लेगब्रेक

पंडित सरांबद्दल आदरच आहे, पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. खेळाडू म्हणून ते पाच कसोटी खेळले. त्यांचं नाव झालं ते कोचिंग करून, वर्षानुवर्षं पहाटे मैदानावर उभं राहून. आणि विदर्भात ते आले तेव्हा जमीन नांगरलेली होती. नागपूरला संघटनेनं अकादमी चालवलेली, वसीम जाफरसारखा माणूस संघात, आणि फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेणारा गुरबानी तयार. पेरणी करायला पंडित आले, पण नांगरट आधी कुणीतरी केली होती.

साखरपेठ

मग मी तरी काय म्हणतोय? कोच म्हणून नाव असलेला आणा. धागाकर्त्यांना विचारतो, तुमच्या ह्या साडेसहा लाखवाल्यांनी याआधी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना कधी शिकवलंय का?

पार्क_मैदान

मुलींना नाही. सीनियर संघाच्या सपोर्ट स्टाफमध्ये दोन हंगाम होते. खेळाडू म्हणून रेकॉर्ड उत्तम आहे.

मागावरचा_धोटा

खेळातलं मला कळत नाही, पण तुम्ही कारखाना म्हणालात म्हणून लिहितो. ही आमच्याच घरातली गोष्ट आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. अठ्ठेचाळीस माग. दहा-अकरा वर्षांपूर्वी परदेशातली मोठी ऑर्डर मिळाली आणि वडिलांना वाटलं, आता घरगुती कारभार पुरे, तज्ज्ञ माणूस आणू. एका नामांकित गिरणीत पंचवीस वर्षं काढलेले जनरल मॅनेजर आणले. दीड लाख पगार, होटगी रोडला फ्लॅट, दाराशी गाडी. आमच्या शेडमधल्या माणसाला तेव्हा आठवड्याचा हप्ता किती मिळायचा ते सोडा.

माणूस हुशार होता, मनानंही चांगला. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला उलटं वाटेल. पहिल्या महिन्यात त्यांनी शेड बघितली आणि जमिनीवर मारलेलं पाणी बघून चिडले. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी बारानंतर जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा मुकादम, शेडमध्ये पाणी मारतो, खिडक्यांना ओली पोती लावतो. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला ठाऊक आहे, हवा कोरडी ठक्क. कोरड्या हवेत सुताचा जीव जातो, ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तटातट तुटतो. ओल असली की सूत दम धरतं. मोठ्या गिरणीत ह्यासाठी हवेत दमटपणा ठेवणारा प्लांट असतो, त्यामुळे त्यांच्या पंचवीस वर्षांत जमिनीवर पाणी मारायची वेळच आली नव्हती. त्यांना ती घाण दिसली. माणूस घसरून पडेल म्हणाले, तेही खोटं नव्हतं. पाणी बंद केलं.

आमचे जॉबर पद्मशाली, तीस वर्षं आमच्याकडे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मागाचा आवाज ऐकून कुठला भाग ढिला झालाय ते सांगणारा माणूस. मामा दोनदा सांगायला गेले. तेलुगू वळणाचं मराठी, त्यात साहेबांपुढे शब्द फुटेनात. साहेब म्हणाले लिहून द्या. मामांना लिहिता येत नव्हतं.

एप्रिल-मे मध्ये एवढे ताणे तुटले की निम्मे माग सांधण्यासाठी उभे. ऑर्डर उशिरा गेली, दंड बसला. मामा त्याआधीच शेजारच्या शेडला गेले होते. साहेब चौदा महिन्यांनी गेले, वडिलांशी हात मिळवून, सन्मानानं. मग वडील स्वतः दत्त नगरला मामांच्या घरी गेले. दोन तास बसले. काय बोलणं झालं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामा शेडमध्ये.

आता दुसरी बाजू. त्या साहेबांनी माल तपासायची आणि पॅकिंगची जी पद्धत लावून दिली ती आजही जशीच्या तशी चालते. तिच्यामुळे परत आलेला माल जवळजवळ बंद झाला. म्हणजे ते नापास झाले असं मी म्हणणार नाही. त्यांना आमची शेड कळायच्या आत आम्ही सगळ्या किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या, ही चूक आमची.

कडक_भाकरी

धोटा, वाचून गप्प झालो. आमचे आजोबा जुन्या गिरणीत जॉबर होते, त्यांच्या तोंडून असंच ऐकलंय.

हुतात्मा_एक्सप्रेस

सोलापूरचाच, पण पोटासाठी पुण्यात. मनुष्यबळ विभागात सतरा वर्षं झाली, त्यामुळे 'मोठं नाव आणा' हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकतो.

धोटांच्या गोष्टीची अमेरिकन आवृत्ती सांगतो. रॉन जॉन्सन नावाचे गृहस्थ. अ‍ॅपलची दुकानं त्यांनी उभी केली, जगभर नाव झालं. २०११ मध्ये जे. सी. पेनी ह्या जुन्या दुकानसाखळीनं त्यांना प्रमुख म्हणून आणलं. ह्या दुकानांचं गिऱ्हाईक सवलतीची कुपनं जपून ठेवणारं, सेलची वाट बघणारं. जॉन्सननी कुपनं आणि सेल जवळपास बंद केले, रोज एकच योग्य भाव ठेवला. आधी चार दुकानांत करून बघू, हेही केलं नाही. २०१२ च्या एका वर्षात विक्री सुमारे पाव हिश्शानं घसरली. एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं. चाटी गल्लीत जाऊन एखाद्या मावशींना सांगा, साडीचा भाव करायचा नाही, लिहिलाय तोच द्या. मावशी साडी ठेवून समोरच्या दुकानात जातील. त्यांना भाव करण्यात जे समाधान आहे त्याचीच किंमत त्या मोजत असतात.

दुसरं, हार्वर्डचे बोरिस ग्रॉइसबर्ग यांनी वॉल स्ट्रीटवरच्या हजाराहून अधिक नामांकित विश्लेषकांचा अभ्यास केला. कंपनी बदलली की ह्या ताऱ्यांपैकी पुष्कळांची कामगिरी खाली आली. जे आपली जुनी टीम बरोबर घेऊन गेले त्यांना कमी फटका बसला. म्हणजे जे यश आपण एका माणसाच्या नावावर मांडतो त्यातला मोठा वाटा त्याच्या आजूबाजूच्या लोकांचा असतो, आणि ते लोक तर जुन्या ठिकाणीच राहतात.

आणखी एक. आपण माणूस कधी उचलतो? तो शिखरावर असताना. शिखरानंतर थोडं खाली येणं निसर्गाचंच आहे, आणि नेमकं तेव्हा तो आपल्याकडे असतो.

रात्रीची_मॅच

फुटबॉलवाल्यांचंही ऐका. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडला आले ते लहान नाव घेऊन नव्हे. स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीननं त्यांच्या हाताखाली १९८३ मध्ये फायनलला रेआल माद्रिदला हरवून युरोपातला कप जिंकला होता. तरी युनायटेडला पहिला चषक मिळाला १९९० मध्ये, लीग तर १९९३ मध्ये. साडेतीन वर्षं रिकाम्या हातांनी! नंतर तेरा लीग. २०१३ ला ते गेले. मग व्हॅन गाल आले, मोरिन्यो आले, दोघांची नावं पर्वताएवढी. काही चषक मिळालेही, पण लीग आजतागायत नाही.

पार्कभाऊ, तुमचे शेटजी साडेतीन वर्षं थांबतील का?

पार्क_मैदान

नाही थांबणार. करार एका वर्षाचा आहे.

जुळे_सोलापूरकर

सगळे एकाच बाजूला झुकलेत म्हणून मी दुसरी बाजू घेतो, आणि मनापासून घेतो.

नव्वदच्या दशकात, मी चौदा वर्षांचा असताना, पार्क मैदानावर एक माजी कसोटीपटू तीन दिवसांच्या शिबिराला आले होते. आम्ही दीडशे पोरं. माझ्या वाट्याला त्यांची जेमतेम चार मिनिटं आली असतील. त्यांनी माझा खालचा हात धरला, बॅटवरची पकड थोडी सैल केली, म्हणाले, "जोर लावू नकोस बाळा, चेंडूलाच जोर असतो." आणि पाठीवर थाप मारून पुढच्या पोराकडे गेले. बस. मी पुढे विद्यापीठापर्यंत खेळलो, आज इरिगेशनमध्ये नोकरी करतो. पण ती थाप अजून पाठीवर आहे. माझ्या कोचनं तेच वाक्य त्याआधी शंभरदा सांगितलं असेल, माझ्या कानात गेलं नव्हतं.

पुण्या-मुंबईच्या पोराला रोज कुणीतरी मोठं माणूस दिसतं. आमच्या पोराला वाटतं आपल्याकडे कोण बघणार. मोठं नाव गावात आलं की त्याला पहिल्यांदा कळतं की आपल्याला कुणीतरी बघतंय. हे तुमच्या कुठल्या अभ्यासात मोजणार? मी शेटजींच्या बाजूनं आहे.

विजापूर_वेस

जुळे_सोलापूरकर यांना +१.

थोडं अवांतर. आपण "सोलापूरकडे कोण बघणार" म्हणतो तेव्हा पॉली उम्रीगर आठवा. २८ मार्च १९२६, जन्म सोलापूर. कसोटीत भारताकडून पहिलं द्विशतक त्यांचं, २२३, न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला १९५५ मध्ये. आणि आत्ताचं बघायचं तर किरण नवगिरे आपल्याच जिल्ह्यातली, भारताकडून खेळली. अर्शीन कुलकर्णी सोलापूरचा, एकोणीस वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळून आयपीएलपर्यंत गेला. माती वांझ नाही.

बाळीवेस

आणि साहेबांचं काय? तुकाराम मुंढे इथं जिल्हाधिकारी होते, २०१६ मध्ये नवी मुंबईला गेले. आजही कुठल्या ऑफिसात फाईल अडली की माणसं त्यांचं नाव काढतात. माणूस असताना जे होतं ते माणूस गेल्यावर किती उरतं, हा खरा प्रश्न.

कडक_भाकरी

बाळीवेस, मुद्दा बरोबर आहे, पण इथून धागा राजकारणात गेला तर परत यायचा नाही. क्रिकेटवर राहू.

गुरुजी_माढा

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्या माढा तालुक्यातली परितेवाडी आता जगाला माहीत आहे. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये त्या शाळेत रुजू झाले तेव्हा त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं काम त्यांनी तिथून सुरू केलं. ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं २०२० मध्ये, दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. समजा २००९ मध्ये गावानं ठरवलं असतं की आम्हाला नावाजलेलाच शिक्षक हवा, तर?

तसंच व्हर्गीस कुरियन. १९४९ मध्ये आणंदला आले ते सरकारी नोकरीच्या बंधनामुळे, दुधाची आवड म्हणून नव्हे. गावागावांतल्या शेतकऱ्यांना एकत्र करणारे त्रिभुवनदास पटेल तिथे आधीच पाय रोवून उभे होते. त्या दोघांची जोडी जमली, म्हणून अमूल झालं. बाहेरून आलेला हुशार माणूस आणि आतला, लोकांचा विश्वास असलेला माणूस, दोन्ही लागतात.

म्हणून पार्कभाऊंना एक विचारतो. इतका वेळ वाचतोय, तुम्ही कुठंच लिहिलं नाही. बावीस वर्षं क्लब चालला तो कुणी चालवला? आज मुलांना शिकवतं कोण?

पार्क_मैदान

एक सर आहेत. सुरुवातीपासून तेच. शाळेत क्रीडाशिक्षक होते, आता निवृत्त. जिल्हा पातळीपर्यंत खेळलेले. मानधन घेत नाहीत, दिवाळीला आम्ही काहीतरी देतो. नवा कोच आला की ते मदतनीस म्हणून राहतील, असं आम्ही धरून चाललोय.

कडक_भाकरी

धरून चाललाय? त्यांना विचारलं का?

पार्क_मैदान

अजून नाही. ठरल्यावर सांगणार होतो.

तिखट_चटणी

आता मस्करी सुचंना मला. पार्कभाऊ, आधी सरांकडं जावा की हो.

लेगब्रेक

आचरेकर सर आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले. एकच. शिवाजी पार्कवर सचिन, कांबळी, किती पोरं त्यांनी घडवली. १९९० मध्ये द्रोणाचार्य मिळाला. तेव्हाच्या कुणा देणगीदारानं त्यांचं रेकॉर्ड तपासलं असतं तर काय म्हणाला असता?

आणि तुमच्या एकतीस मुली ज्या वर्ल्ड कपमुळे आल्या त्याचा कोच कोण होता? अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही. तेंडुलकर-कांबळीची ६६४ ची भागीदारी चालू असताना पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. ह्या वर्ल्ड कपमध्ये साखळीत आपण दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा तिघांकडून ओळीनं हरलो. तेव्हा मोठं नाव नसलेला कोच बदला म्हणून ओरडणारे कमी नव्हते. मग सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार केले, जेमिमा नाबाद १२७. फायनलला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. दोन वर्षं त्याच मुलींबरोबर असलेला माणूस तीन पराभवांनंतरही त्यांना सांभाळू शकतो. महिन्यातून दहा दिवस येणाऱ्याला ते जमेल असं मला वाटत नाही.

साखरपेठ

मुझुमदारांना 'नाव नसलेला' म्हणू नका हो. मुंबईच्या मैदानांवर त्या माणसाचं नाव फार मोठं आहे. बाकी पटलं.

एक_आई

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

पार्कभाऊ, तुम्ही नाव सांगितलं नाही, पण एक सिमेंटची विकेट, एक मॅटिंग आणि निवृत्त क्रीडाशिक्षक म्हटल्यावर मी ओळखलं. तुमच्या एकतीस मुलींपैकी एक माझी आहे. तेरा वर्षांची. डावखुरी आहे, मध्यमगती टाकते.

माझी आई विड्या वळायची. मी पतसंस्थेत क्लार्क आहे. मला खेळायला कुणी पाठवलं नाही, तो प्रश्नच नव्हता. मुलीला पाठवते ते कोणत्या नावावर, तर सरांच्या. सहा-साडेसहाला अंधार पडतो. शेवटच्या मुलीला घ्यायला कुणीतरी येईपर्यंत सर गेटवर उभे असतात. एकदा माझी बस चुकली, पावणेआठ वाजले. सर आणि त्यांच्या मिसेस दोघं माझ्या मुलीला घेऊन थांबले होते, तिला घरची भाकरी-चटणी खायला घातली होती. त्या दिवसापासून मला काळजी नाही.

आता जे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल ते सांगते. मैदानावर मुलींसाठी टॉयलेट नाही. माझी मुलगी दुपारी दोननंतर पाणी पीत नाही, संध्याकाळी जावं लागू नये म्हणून. सगळ्या मुली असंच करतात, आपापसात ठरवून. मार्चनंतर आपल्याकडे काय ऊन असतं? उन्हात तीन तास पळणारी मुलगी मुद्दाम तहानलेली राहते. मागच्या महिन्यात एकीला चक्कर आली तेव्हा तुम्हाला वाटलं असेल जेवली नसेल. कपडे बदलायला जागा नाही, म्हणून पाळीच्या दिवसांत सात-आठ मुली येतच नाहीत. सरांना हे कळत नसेल असं नाही, पण ते बिचारे बोलणार कसं आणि कुणाशी?

साडेसहा लाख मला खूप मोठी रक्कम वाटते. मोठे कोच येऊ नयेत असं मी म्हणत नाही. माझी मुलगी आनंदानं नाचेल. पण ते आल्यावर ती पाणी पिऊ शकेल का, एवढंच विचारते.

मागावरचा_धोटा

ताई, तुमचं वाचून मला आमच्या शेडमधली ओली पोती आठवली. ज्याला रोज तिथं उभं राहायचं असतं त्यालाच ह्या गोष्टी कळतात.

जुळे_सोलापूरकर

मी वर शेटजींची बाजू घेतली होती. त्या चार मिनिटांबद्दल जे लिहिलं ते अजूनही खरं आहे. पण ती चार मिनिटं मला मिळाली कारण त्याआधी चार वर्षं माझे सर मला रोज सायकलवर डबलसीट मैदानावर न्यायचे. हे मी लिहायला विसरलो होतो. त्यांचं नाव मी इथं घेऊ शकत नाही, पण आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन येणार आहे.

पार्क_मैदान

चार दिवस इथं आलो नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलंच नव्हतं. आता केलंय.

आधी एक_आई यांना. ताई, तुमची माफी मागतो. बावीस वर्षांत आम्ही कार्यकारिणीतल्या नऊ पुरुषांनी हा विचार एकदाही केला नाही. चक्कर आलेल्या मुलीला मी ग्लुकोज दिलं आणि विसरून गेलो.

परवा सरांकडे गेलो. मला वाटलं होतं सर दुखावतील, नाहीतर "आणा कुणालाही" म्हणून गप्प बसतील. दोन्ही झालं नाही. सर म्हणाले, "येऊ दे की त्यांना. मी आयुष्यभर ऑफस्पिन टाकली, वेगवान गोलंदाजीतलं मला काही कळत नाही. पोरी मोबाईलवर बघून यॉर्कर शिकतात, मला नुसतं बघत बसावं लागतं. एखादीचा खांदा गेला तर? ते आले तर पोरींना शिकवतीलच, पण मला बाजूला उभं करून शिकवू दे. ते गेल्यावर पुढचे वीस दिवस मीच असणार आहे ना." मी त्यांना मदतनीस करायला निघालो होतो, आणि सर मात्र शिष्य व्हायला तयार होते. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा माझा आवाज नीट निघत नव्हता.

मग मी आणि सर मिळून शेटजींकडे गेलो. एक_आई यांचा प्रतिसाद छापून नेला होता, नाव नव्हतंच. शेटजींनी दोनदा वाचला. त्यांना दोन नाती आहेत. पाटीवर नाव मोठं दिसलं पाहिजे हा त्यांचा आग्रह अजून आहे, पण हिशोब बदलला. नवा हिशोब असा की मोठे कोच वर्षातून तीनदा पाच-पाच दिवस येतील, त्यांना अडीच लाख. टॉयलेट आणि कपडे बदलायची खोली, दोन लाख. सरांना महिन्याला बारा हजार, बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि त्यासाठी सरांशी अर्धा तास भांडावं लागलं. विद्यापीठाकडून खेळलेली एक मुलगी रोज संध्याकाळी मदतीला, महिन्याला आठ हजार. उरलेले एक लाख दहा हजार मॅटिंग, नेट आणि बॉलसाठी.

मोठ्या कोचना हे कळवलंय. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. साडेसहाचे अडीच झाल्यावर ते नाही म्हणाले तर शेटजी काय करतील हे मला सांगता येत नाही. पण बांधकामाचे दोन लाख त्यांनी त्याच दिवशी दिले.

साखरपेठ

त्या कोचना सांगा, पंडितांसारखं व्हायचं असेल तर सुरुवात इथूनच करा. आणि ते नाही म्हणाले तर पुण्यात माझ्या ओळखीचे एक वेगवान गोलंदाजीचे कोच आहेत, नाव नाही पण काम आहे. व्यनि (खासगी निरोप) करतो.

मागावरचा_धोटा

पाण्याची हजार लिटरची टाकी आमच्याकडून. जुनी नाही, नवी. गवंडी आणि प्लंबर माझ्या माहितीतले आहेत, पण गड्ड्याची जत्रा सुरू झाली की माणूस मिळत नाही. संक्रांतीच्या आत पाया घालून घ्या.

पार्क_मैदान

धोटा, उद्या सकाळी फोन करतो. एक_आई, खोली कुठल्या बाजूला हवी ते तुम्ही आणि आणखी दोघी आया येऊन दाखवाल का? रविवारी सकाळी नऊ.

एक_आई

येते. गेटपासून लांब नको आणि भिंतीच्या मागे तर नकोच, सरांच्या खुर्चीवरून दार दिसलं पाहिजे. दाराला आतून कडी घट्ट बसवा. आणि बाहेर एक दिवा लावा.